आवाज हा पुरावा नव्हे

तिला सगळे कुलूपताई म्हणत. तोंडावर नुसतं ताई, पाठ फिरली की कुलूपताई. तिला हे माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून त्या नावाचा अभिमानच होता. लोकांनी ठेवलेल्या नावाचा माणसाला अभिमान वाटायला लागला की समजावं, आता याचं काहीतरी बिनसणार. पण हे शहाणपण नंतरचं.

टेलिफोनच्या जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एक बिनखिडक्यांचा हॉल होता. आत बारा महिने गारठा आणि पंख्यांची घरघर. ती भर उन्हाळ्यातही स्वेटर घालून बसायची. समोर माणसाएवढी उंच कपाटं, त्यांत पिवळ्या केबलींचे जुडगे आणि हिरवे दिवे. दाराजवळ तिचं टेबल. टेबलावर दोन फोन, एक संगणक आणि जाड पुठ्ठ्याची नोंदवही. अशी बावीस वर्षं.

काय करता, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "लोकांचा वळसा वाचवते." विचारणारा गप्प बसायचा. कुणी खोदून विचारलंच तर सांगायची. शहरात इंटरनेट विकणाऱ्या लहानमोठ्या तीसेक कंपन्या, प्रत्येकीचं जाळं वेगळं. पूर्वी एका कंपनीच्या गिऱ्हाइकाने समोरच्या घरात दुसऱ्या कंपनीच्या गिऱ्हाइकाला साधा फोटो पाठवला, तरी तो समुद्र ओलांडून परक्या देशात जायचा आणि तिथून उलटा फिरून समोरच्या घरात यायचा. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय? मग काही शहाण्यांनी ठरवलं की प्रत्येकाने आपली एकेक केबल आणून एकाच जागी जोडायची. मध्ये एक मोठा स्विच. त्याला दारं, म्हणजे पोर्ट, आणि प्रत्येक सदस्याला त्यातलं एक. आपल्याकडे कोणकोणते पत्ते राहतात ते प्रत्येकाने इतरांना सांगायचं. हे निरोप गोळा करून सगळ्यांना वाटायला एक वेगळं यंत्र ठेवलेलं, म्हणजे प्रत्येकाने प्रत्येकाच्या दारी जायला नको. बाकी आतून काय जातं, कुणाचं जातं, हे हॉलने बघायचं नाही. सगळे सदस्य सारखे. बाजारात एकमेकांचे गळे धरणाऱ्या कंपन्या इथे शेजारीशेजारी नांदायच्या, त्या एवढ्या एकाच शब्दावर.

हा शब्द राखणं म्हणजे तिची नोकरी.

नियम दोनच होते, पण कडक. पहिला असा, की एका दाराला एकच यंत्र. यंत्राला कारखान्यातूनच स्वतःचा क्रमांक मिळालेला असतो. दारावर दुसरा क्रमांक दिसला, की मोठा स्विच ते दार स्वतःहून बंद करायचा. कारण असं, की कुणी चुकून केबलची दोन्ही टोकं एकाच डब्यात खुपसली तर तेच ते निरोप गरगर फिरत राहतात आणि पाच मिनिटांत सगळ्या शहराचं इंटरनेट गुदमरतं. असं एकदा झालंही होतं. बंद झालेलं दार फक्त ती उघडायची. तेही लगेच नाही. आधी तासभर निरीक्षणाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवून, नीट वागतंय ना ते बघून, मग आत.

दुसरा नियम तिने स्वतः लिहिला होता. तिसऱ्या वर्षी एकाने फोन केला, "मी अमक्या कंपनीचा इंजिनिअर, दुरुस्ती आहे, आमचं दार बंद करा." तिने केलं. तो निघाला त्या कंपनीचा हाडवैरी. अर्धा दिवस त्या बिचाऱ्यांचं जाळं मेलेलं, आणि हिची लाज गेलेली. तेव्हा तिने लिहिलं, की बंद करायचं किंवा उघडायचं ते नोंदवलेल्या पत्त्यावरून मेल आल्यावर, नाहीतर कंपनीचं पत्र आणि ओळखपत्र घेऊन माणूस समोर येऊन उभा राहिल्यावर. फोनवर नाही. खाली एक ओळ टाकली: आवाज हा पुरावा नव्हे. सदस्यांच्या सभेत लोक हसले, पण नियम मंजूर झाला. कुणीतरी हौसेने त्या ओळीची पाटी करून तिच्या टेबलामागे लावली. नोंदवहीत एक रकाना वाढला, 'खात्री कशावरून केली'. त्यात ती वर्षानुवर्षं एकच शब्द लिहीत आली. मेल, मेल, मेल.

चौदा नंबरचं दार तिच्या धाकट्या भावाचं होतं.

धाकट्याने आपल्या घराच्या पुढच्या खोलीत दुकान थाटलं होतं. गच्चीवर खांब, खांबावर केबली आणि आजूबाजूच्या दोन वस्त्यांतली सहाशे घरं त्याची गिऱ्हाइकं. रात्री-अपरात्री कुणाचं बंद पडलं तरी शिडी घेऊन निघणारा माणूस. आई त्याच्याकडेच असायची. आईची नजर गेलेली होती, ती सगळ्यांना आवाजावरून ओळखायची. गिऱ्हाइकांचे फोनही तीच घ्यायची आणि नाव सांगण्याआधीच म्हणायची, "तुमचं कालपासून हळू चालतंय ना? येतोय तो."

भाऊ सदस्य झाला त्याच वर्षी सभेत एकजण उठून म्हणाला होता, "घरचंच माणूस किल्लीवर बसलंय, म्हणजे चौदा नंबरची चैन आहे." तो माणूस होता थोरल्या कंपनीचा. शहरातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीला सगळे थोरलीच म्हणायचे. ते वाक्य तिला झोंबलं. त्या दिवसापासून ती धाकट्याशी हॉलमध्ये बोलताना 'तुम्ही' म्हणायला लागली. तो हसायचा. "बरं ताई, तुम्ही म्हणाल तसं."

मग तो दिवस आला. शाळेच्या पुढच्या परीक्षेचे अर्ज ऑनलाइन भरायचा शेवटचा दिवस, मुदत संध्याकाळी पाचपर्यंत. धाकट्याच्या दोन्ही वस्त्यांत घरोघर मुलं त्याच खटपटीत. आणि साडेअकराला त्याचा राउटर कुरकुरायला लागला. त्याने घाईत मध्ये एक छोटा स्विच बसवला, तात्पुरता. साधी, घरगुती अक्कल. पण त्या स्विचलाही आपला क्रमांक होता, आणि तो दारावर दिसला. चौदा नंबर बंद.

फोन वाजला.

"ताई, मी बोलतोय. चूक माझी आहे, मधला डबा काढलाय मी. दार उघड."

"मेल करा."

"मेल कुठून करू? माझा मेलचा संगणक इथेच माझ्या खोलीत आहे. बाहेर जायची माझी वाटच तुझ्या त्या दारातून आहे. दार बंद, तर मेल निघणार कसा?"

"दुसऱ्या पत्त्यावरून आलेला चालत नाही."

"माहीत आहे. म्हणून तर फोन केला."

पलीकडे आईचा आवाज येत होता, ती दुसऱ्या फोनवर कुणाला तरी धीर देत होती.

"ताई, मी आहे. तुला माझा आवाज कळतोय ना?"

"फोनवर करता येत नाही," ती म्हणाली. "पत्र घेऊन या."

तो शहराच्या दुसऱ्या टोकाला. वाटेत पुलाची दुरुस्ती, गाड्यांच्या रांगा. चारला वीस मिनिटं कमी असताना तो जिना चढून आला, शर्ट पाठीला चिकटलेला, हातात पत्र आणि ओळखपत्र. तिने ओळखपत्र हातात घेतलं आणि फोटो चेहऱ्याशी ताडून पाहिला. हो, पाहिला. ज्याला तिने कडेवर खेळवलं त्याचा चेहरा तिने फोटोशी ताडून पाहिला, कारण नियमात 'ताडून पाहावे' असं लिहिलेलं होतं. हा सगळा कारभार पार पडेपर्यंत चार वाजून गेले. मग तिने दार उघडलं, पण निरीक्षणाच्या कप्प्यात.

"तास?" त्याने विचारलं.

"तास."

तो समोरच्या खुर्चीत बसला. तिने पाणी दिलं. तो ते प्यायला नाही, ग्लास नुसता धरून बसला. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजले, तेव्हा चौदा नंबरला अजून सात मिनिटं बाकी होती. तो उठला, ग्लास टेबलावर ठेवला, पाटी वाचली आणि गेला.

संध्याकाळी ती त्याच्याकडे गेली. तो शिडी घेऊन बाहेर गेला होता, कुठे ते कुणालाच माहीत नव्हतं. आई पुढच्या खोलीत बसली होती.

"फोनवर तोच आहे हे तुला कळलं होतं?" आईने विचारलं.

"हो."

"मग?"

"आई, आवाज पुरावा नसतो."

आई म्हणाली, "मला तर दुसरं काहीच नाही गं." एवढंच. ती आत निघून गेली, भिंतीला हात लावत.

पुढच्या खेपेपासून आईने एक खोडी सुरू केली. ही दारात उभी राहून "आई, मी" म्हणाली की आई विचारायची, "कोण मी? आवाजावरून काही सांगता येत नाही बाई." पहिल्या वेळी ही हसली. दुसऱ्या वेळीही हसली. तिसऱ्या वेळी तिच्या लक्षात आलं की आई हसत नाहीये. मग दर रविवारी तिला दारातून स्वतःचं पूर्ण नाव सांगावं लागे, पोस्टातून आल्यासारखं, आणि मगच आई "ये" म्हणे.

गिऱ्हाइकं गेली. ज्यांच्या मुलांचे अर्ज राहिले ती तर गेलीच, ज्यांचे राहिले नव्हते तीही गेली. माणसं एका घरामागे दुसरं अशी जातात. सगळी थोरलीकडे. सव्वा वर्षाने धाकट्याने खांब, केबली आणि उरलीसुरली घरं थोरलीला देऊन टाकली आणि तिथेच कंट्रोल रूममध्ये नोकरीला लागला, गळ्यात पट्टा आणि पाळीची ड्युटी. चौदा नंबरची केबल हॉलमधून तिनेच काढली, तिचं कामच ते. गुंडाळून, चिठ्ठी लावून कपाटात ठेवली. महिन्याभरात तेच दार थोरलीने आपलं दुसरं दार म्हणून मागून घेतलं.

आणि ह्यावर कडी म्हणजे सभेत तिचं कौतुक झालं. संस्थेचे अध्यक्ष उभे राहून म्हणाले, "सख्ख्या भावालाही सोडलं नाही! ही आपली संस्था." टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात टाळ्या थोरलीच्या बाकावरून, आणि का नसाव्यात? पुढे ही गोष्ट प्रत्येक नव्या सदस्याला चहाबरोबर मिळू लागली. अध्यक्ष तिच्या टेबलाकडे बोट दाखवून सांगायचे. ती मान खाली घालून नोंदवही लिहायची. लाज वाटायची का? वाटायची. पण त्या लाजेखाली एक गोष्ट ती घट्ट धरून होती, की मी वाईट केलं असेल, पण सारखं केलं. नियम सगळ्यांना एकच होता. धाकट्याचं वाटोळं झालं ते निदान एका खऱ्या गोष्टीपायी झालं. यावर ती झोपत होती, यावर उठत होती. आठ वर्षं.

आठ वर्षांनी, साध्या मंगळवारी, दुपारी सव्वाला संगणक किणकिणला. चौदा नंबर बंद. दारावर दुसरा क्रमांक दिसला होता. दोन मिनिटांत फोन वाजला.

"मॅडम, थोरलीच्या कंट्रोल रूममधून बोलतोय."

तिने आवाज ओळखला. 'मॅ' म्हणेपर्यंतच ओळखला.

"आमचं दुसरं दार बंद पडलंय. पहिल्यावर सगळा भार आलाय, ते घुसमटतंय. अर्ध्या शहराचे फोन येतायत. कृपया दार उघडा."

"नोंदवलेल्या पत्त्यावरून मेल करा." तिच्या तोंडाला ते पाठ होतं, ते आपसूक बाहेर पडलं.

"नोंदवलेली माणसं दोन आहेत. एक नोकरी सोडून गेलाय, त्याचं नाव बदलायचं राहिलंय. दुसरे साहेब विमानात आहेत. संध्याकाळी उतरतील."

"मग पत्र घेऊन या."

पलीकडून तो हळू म्हणाला, "मॅडम, मधला डबा मी जोडला. ड्युटीवर मी आहे. राउटर बदलायचा होता, म्हटलं दोन मिनिटांसाठी..." तो थांबला. "कंट्रोल रूमचे साहेब माझ्या मागे उभे आहेत."

तेव्हा तिला सगळं एकदम दिसलं. दार उघडलं नाही, तर ह्याची नोकरी जाईल, आणि हिच्याच हाताने ह्याचं दुसऱ्यांदा वाटोळं होईल. उघडलं, तर ज्या नियमापायी पहिलं वाटोळं झालं तो नियम नव्हताच कधी. म्हणजे त्या दिवशीही दार उघडता आलं असतं. सहाशे घरं, आई, पाण्याचा न प्यायलेला ग्लास, सगळं फुकट गेलं असं होईल.

"थांबा," ती म्हणाली. फोन कानाशीच ठेवला.

त्यानंतरच्या मिनिटात तिचा हात कीबोर्डकडे गेला होता की नव्हता, हे तिला आजही सांगता येत नाही. कधी तिला वाटतं गेला होता, बोटं कळांवर टेकली होती. कधी वाटतं हे आपण मागाहून रचलं. कारण तेवढ्यात दुसरा फोन वाजला आणि तिने तो उचलला. अध्यक्ष होते.

"चौदा नंबर उघडा."

"मेल आलेला नाही."

"थोरलीचा फोन आलाय ना तुम्हाला?"

"फोन चालत नाही, साहेब."

"अहो, फोनवर कोण आहे? तुमचे सख्खे भाऊ ना? त्यांचा आवाज तुम्हाला ओळखू येत नाही का? मग आणखी पुरावा कसला हवाय?"

तिने मागे वळून पाटीकडे पाहिलं नाही. त्याची गरज नव्हती.

"आणि तो निरीक्षणाचा तास वगैरे नको," अध्यक्ष म्हणाले. "थोरली काय काल आलीय का? नियम माणसांसाठी असतात, ताई. तुम्हाला नसेल जमत तर सांगा, मी दुसऱ्याला सांगतो. हल्ली घरबसल्याही उघडता येतं."

तिने दार उघडलं. बंद पडल्यापासून अकरा मिनिटं झाली होती. हिरवा दिवा लागला. तिने पहिला फोन पुन्हा तोंडाजवळ आणला.

"लिंक आली, मॅडम," धाकटा म्हणाला. मागे कुणीतरी हुश्श केल्याचं ऐकू आलं. पावलं लांब गेली. मग त्याने आवाज खाली आणून विचारलं, "अध्यक्षसाहेबांचा फोन आला का तुला?"

आठ वर्षांत पहिल्यांदा त्याने तिला 'तुला' म्हटलं होतं. नाही म्हणता आलं असतं. 'नाही रे, मीच उघडलं' एवढे चार शब्द, कोण तपासायला येणार होतं? पण ते खरं आहे की नाही हे तिलाच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसलेलं लिहायची तिला सवय नव्हती.

"आला," ती म्हणाली.

"तरीच," तो म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला.

तिने नोंदवही ओढली. तारीख, वेळ, दार चौदा, सदस्याचं नाव. शेवटच्या रकान्यात पेन बराच वेळ टेकलेलं राहिलं, शाईचा ठिपका पडला. मग तिने लिहिलं: आवाज. वरच्या सगळ्या ओळींत मेल, मेल, मेल, आणि खाली हा एक शब्द. अध्यक्षांनी नंतर तो पाहिला आणि "हे असं लिहायची काय गरज होती?" असं विचारलं. तिने वही मिटली.

रविवारी ती आईकडे गेली. दारात उभी राहून म्हणाली, "आई, मी." आणि सवयीने पुढे पूर्ण नाव सांगायला तोंड उघडलं.

आई खाटेवर बसली होती. तिने मान आवाजाच्या दिशेने वळवली आणि 'कोण मी' असं विचारलं नाही.

"ये," आई म्हणाली. "सांगितलं त्यानं मला. साहेबांनी सांगितल्यावर आवाज ओळखतेस म्हणे तू."

आतल्या खोलीत धाकटा होता, ड्युटीचा शर्ट इस्त्री करत होता. त्याने ऐकलं असणार, पण इस्त्री थांबली नाही. तिने चपला काढल्या, भिंतीला लावून ठेवल्या आणि आत गेली.